हार्ड डिस्कचें दुखणें

गेल्या भाद्रपदांत गौरींच्या सणास आमच्या रहिमतपूरच्या घरीं सर्व मंडळी जमली होती. पुण्याचे बंधु, कऱ्हाडची बहीण, साताऱ्याहून पुतणे व सुना, मुलेंबाळें धरून तीसएक पानें होत होतीं. जेवणें आटोपल्यावर माजघरांत कोणीसें म्हणालें, "आईच्या ओव्या लावा." आमच्या मातोश्रींस जाऊन चार वर्षें झालीं. त्यांच्या अखेरच्या दिवसांत एका पुतण्यानें त्यांच्याकडून जात्यावरच्या ओव्या, भूपाळ्या व गौरीचीं गाणीं म्हणवून घेऊन तीं ध्वनिमुद्रित करून ठेविलीं होतीं. माळ्यावरच्या पेटींतील मोडी पत्रें पुढें वाळवीनें खाल्लीं. त्यापूर्वीं घेतलेलीं त्यांचीं छायाचित्रें, कुलवृत्तान्तासाठीं जमविलेली वंशावळ, चाळीस वर्षांतील लग्नमुंजींचे फोटो, हें सारें एकाच ठिकाणीं होतें. देवघराशेजारच्या कपाटांत तळहाताएवढी एक काळी डबी असे, तींत. ही आमची बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क.

पुतण्यानें ती संगणकास जोडली. ओव्यांऐवजीं पडद्यावर एक प्रश्न उमटला. ही डिस्क वापरण्यापूर्वीं तिचें फॉरमॅट करणें आवश्यक आहे, करावें काय? पुतण्याचा हात होकाराच्या बटणाकडे वळला, तोंच आमच्या वहिनी म्हणाल्या, "थांब रे. फॉरमॅट म्हणजे काय, तें आधीं मला सांग."

"काकू, म्हणजे डिस्क अगदीं नव्यासारखी कोरी होते."

"कोरी? मग सासूबाईंच्या ओव्या कोठें जातील?"

पुतण्याचा हात थबकला. वहिनींस संगणकांतील फारसें कळतें असें नाहीं. परंतु न समजलेल्या प्रश्नास होकार देऊं नये, एवढें व्यवहारज्ञान त्यांच्यापाशीं होतें, आणि त्या दिवशीं तेंच आमच्या उपयोगीं पडलें. पुढील तीन दिवस आम्हीं त्या डिस्कची जी शुश्रूषा केली, तींतून जें शिकलों, तें येथें सांगावयाचें आहे. आजमितीस बहुतेक सुशिक्षित घरांत अशी एखादी डबी असते. तिच्या दुखण्याचें निदान कसें करावें, हें मात्र फारच थोड्यांस ठाऊक असतें.

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की करावी. डिस्क कांहीं हजार रुपयांस बाजारांत नवी मिळते. आंतील मजकूर कोणत्याही बाजारांत मिळत नाहीं. तेव्हां निदान करावयाचें तें डिस्क वांचविण्यासाठीं नव्हे, मजकूर सुखरूप बाहेर काढण्यासाठीं. हा हेतु एकदां ठरला, म्हणजे कोणता उपाय आधीं व कोणता मागून, हें आपोआप ठरतें.

डबीच्या आंत काय असतें

डबी न उघडतां तिच्यांत काय आहे हें जाणून घेणें अगत्याचें आहे. आंत दोन वस्तु असतात. एक खुद्द डिस्क, व दुसरी एक लहानशी विद्युत्-पट्टी. डिस्कची भाषा व संगणकाच्या यूएसबी तारेची भाषा यांमधील ही दुभाषी होय. खुद्द डिस्कमध्यें आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या एका आंसावर मिनिटास ५४०० किंवा ७२०० वेळां फिरत असतात. ग्रामोफोनची तबकडी व तिच्यावरची सुई ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ही रचना चटकन् समजेल. भेद इतकाच कीं, येथें सुई तबकडीस शिवत नाहीं. फिरण्यानें उत्पन्न झालेल्या हवेच्या पडद्यावर ती कांहीं थोड्या नॅनोमीटर उंचीवर तरंगते व तबकडीवरील चुंबकीय खुणा वाचते. मनुष्याचा केंस सुमारें ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. यावरून धुळीचा एक कण किंवा टेबलावरून झालेलें एक पतन तेथें काय अनर्थ करील, याची कल्पना यावी.

अशा तऱ्हेची पहिली डिस्क अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणिली. तींत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, ती एका मोठ्या कपाटाएवढी जागा अडवी, आणि तींत सुमारें पन्नास लक्ष अक्षरें मावत. आमच्या काळ्या डबींत तिच्या दोन लक्ष पट मजकूर मावतो. हा चमत्कार घडण्यास जे शोध कारण झाले, त्यांपैकीं एक आल्बेर फेर व पीटर ग्रुनबर्ग या दोघां शास्त्रज्ञांनीं १९८८ च्या सुमारास लाविला व त्याबद्दल त्यांस २००७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु खुणा जितक्या दाट, तितकी त्यांची नासाडीही सोपी, हेंही यांतच आलें.

तेव्हां दुखणें तीन ठिकाणीं असूं शकतें. पहिलें बाहेरचें : तार, खोबण, वीज किंवा दुभाषी पट्टी यांत. दुसरें शरीराचें : तबकड्या, सुई किंवा मोटर यांत. तिसरें अनुक्रमणिकेचें. मजकूर तबकडीवर जागच्या जागीं असतो, परंतु कोणती वस्तु कोठें आहे हें सांगणारें टिपण बिघडलेलें असतें. ग्रंथालय शाबूत, पण सूचिपत्र फाटलेलें, अशी ती स्थिति. तिहींचीं बाह्य लक्षणें पुष्कळदां एकच असतात, ती म्हणजे डिस्क 'दिसत नाहीं'. उपचार मात्र अगदीं निरनिराळे आहेत.

प्रश्न

रोग्याची परीक्षा पाहून, स्पर्श करून व विचारून करावी, असें वाग्भटानें सांगून ठेविलें आहे. आमच्या मतें डिस्कच्या बाबतींत विचारण्यास पहिलें स्थान द्यावें. शेवटीं कोणीं वापरली? केव्हां? ती पडली होती काय? चालू असतांना वीज गेली होती काय? अलीकडे ती मंद झाली होती काय?

एकत्र कुटुंबांत हीच गोष्ट कठीण असते. वस्तु सर्वांची, म्हणून हात सर्वांचे. आणि उत्तर देण्याची वेळ आली म्हणजे कोणाचेंच नाहीं. आमच्या घरींही प्रथम सर्वांनीं माना हालविल्या. थोरल्या बंधूंचा स्वर जरा चढूं लागला, तसा आमचा आठ वर्षांचा नातू खांबाआड झाला. तेव्हां वहिनींनीं त्यास जवळ घेतलें व म्हणाल्या, "तुला कोणी रागावणार नाहीं. डॉक्टरांना खरें सांगतों ना आपण, तसें सांग." मग हळूहळू सर्व बाहेर आलें. सणाच्या चार दिवस आधीं डिस्क दूरदर्शन-संचास जोडून तो चित्रपट पाहात होता. वीज दोनदां गेली व आली. तेव्हां त्यानें घाबरून तार ओढून काढिली. डिस्क पडली मात्र नव्हती. त्यानंतर सुनेनें कबूल केलें कीं, वर्षभर ती मधूनमधून फोटो उघडण्यास फार वेळ लावीत असे. परंतु तें सांगण्यासारखें आहे असें तिला वाटलें नाहीं.

या दोन साक्षींनीं निम्में निदान झालें. लेखन चालू असतांना किंवा डिस्क जागी असतांना तार ओढल्यास अनुक्रमणिका अर्धवट लिहिलेली राहते, हें एक. आणि वर्षभराचा मंदपणा हें शरीराच्या दुखण्याचें चिन्ह असूं शकतें, हें दुसरें. मूल धमकावलें असतें तर पहिली गोष्ट कळलीच नसती. ज्या घरांत चूक सांगणाऱ्यास शिक्षा होते, त्या घरांत डिस्कच काय, कोणत्याच गोष्टीचें निदान वेळेवर होत नाहीं.

दर्शन व स्पर्श

यानंतर बाहेरचा भाग तपासावा. कारण तेथील दोष सर्वांत स्वस्त, व तो दूर करतांना मजकुरास धोका नाहीं. तार बदलून पाहावी. लहान डिस्कची रुंद चपटी पिन वारंवार काढघाल केल्यानें सैल होते, व नुसता हात लागतांच डिस्क येते-जाते. त्यानंतर खोबण बदलावी. जुन्या यूएसबी खोबणींतून नियमानें ५०० मिलिअँपिअर, व नव्या निळ्या खोबणींतून ९०० मिलिअँपिअर वीज मिळते. डिस्कच्या मोटरीस सुरुवातीस क्षणभर याहून अधिकही लागूं शकते. म्हणून संगणकाच्या पुढील बाजूची खोबण, लांब तार किंवा एकास चार जोडण्या देणारा फांटा यांवर न चालणारी डिस्क पाठीमागच्या खोबणींत आंखूड तारेनें सरळ जोडली असतां पुष्कळदां निमूट चालूं लागते. शेवटीं दुसऱ्या संगणकास जोडून पाहावी. एकावर चालली व एकावर नाहीं, तर दोष संगणकाचा.

मोठ्या आकाराच्या डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर असतो व तो सामान्यतः १२ व्होल्टचा असतो. लॅपटॉपचा अडॅप्टर बहुधा १९ व्होल्टच्या आसपास असतो, आणि दुर्दैवानें दोहोंच्या पिना कित्येकदां एकमेकांत बसतात. चुकीचा अडॅप्टर लावल्यास एका क्षणांत आंतील विद्युत्-पट्टी जळूं शकते. ज्या घरांत पांच-सात अडॅप्टर एकाच खणांत गुंडाळून पडलेले असतात, तेथें प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी चिकटवून 'हा अमक्याचा' असें लिहून ठेवणें, हें एका संध्याकाळचें काम आहे. लोणच्याच्या बरण्यांस आपण चिठ्ठ्या लावितोंच कीं.

आम्हीं तार बदलली, खोबण बदलली, पुतण्याचा लॅपटॉप आणिला. तिन्ही ठिकाणीं तोच प्रश्न : फॉरमॅट करावें काय? म्हणजे दोष बाहेरचा नव्हता.

श्रवण

आतां कान डबीस लावावा. मंद, एकसारखी घरघर व मधून बारीक खरखर ऐकूं येत असेल, तर मोटर फिरत आहे व सुई हालत आहे, हें सुचिन्ह. अजिबात आवाज नसेल व हातास कंपही जाणवत नसेल, तर वीज पोंचत नाहीं किंवा पट्टी जळली आहे. बारीक पीं-पीं असा किंवा अडखळल्यासारखा गुंजारव होत असेल, तर मोटर फिरूं पाहते पण फिरूं शकत नाहीं. वीज कमी पडत असेल, किंवा सुई तबकडीस चिकटली असेल. आणि घड्याळाप्रमाणें टक्-टक्-टक् असा आवाज ठराविक अंतरानें येत असेल, तर सुईस आपली जागा सांपडत नाहीं व ती पुन्हां पुन्हां मूळपदीं येऊन शोधीत आहे, असें समजावें.

हा टकटक आवाज ऐकतांच तार काढावी व पुन्हां जोडूं नये. "आणखी एकदां पाहूं या" हा मोह येथें घातक आहे. कारण मोडकी सुई प्रत्येक खेपेस तबकडी खरवडीत असण्याचा संभव असतो. येथें घरगुती वैद्यकी संपली. निर्धूळ खोलीत डिस्क उघडून सुई बदलणाऱ्या तज्ज्ञांकडेच ती नेली पाहिजे. त्यांचा आकार जबर असतो. तो देण्याइतका आंतील मजकूर मोलाचा आहे कीं नाहीं, हें कुटुंबानें शांतपणें ठरवावें.

आमची डिस्क घरघरत होती; टकटक नव्हती. माजघरांत तीस माणसें श्वास रोखून ती घरघर ऐकत होतीं.

संगणकाची साक्ष

विंडोज पद्धतीच्या संगणकांत 'डिस्क मॅनेजमेंट' नांवाचें एक दालन आहे; मॅक संगणकांत त्यास 'डिस्क युटिलिटी' म्हणतात. तेथें नुसतें पाहण्यानें कांहीं बिघडत नाहीं. डिस्कचें नांव व बरोबर आकारमान तेथें दिसत असेल, पण तिला अक्षर दिलेलें नसेल, तर दोष क्षुल्लक आहे. अक्षर द्यावें व काम करावें. आकारमान बरोबर पण जागेवर 'रॉ' असें लिहिलेलें असेल, तर अनुक्रमणिका बिघडली आहे. फॉरमॅटचा प्रश्न येतो तो अशाच वेळीं. आकारमान शून्य किंवा भलतेंच दिसत असेल, तर शरीराचें दुखणें संभवतें. आमची 'रॉ' होती.

याशिवाय प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची एक नोंदवही स्वतःच ठेवीत असते. तिला 'स्मार्ट' असें नांव आहे. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या विनामूल्य साधनानें ती वाचतां येते. तींत नोंदी पुष्कळ, पण गृहस्थानें चार ओळखाव्या. क्रमांक ५ : खराब झाल्यामुळें बदललेल्या जागा. क्रमांक १९७ : वाचतां येईनात अशा, निर्णय न झालेल्या जागा. क्रमांक १९८ : तपासणींत न सुधारलेल्या जागा. क्रमांक १९९ : तारेंतून येतांजातां झालेल्या चुका. पहिल्या तिहींचे आंकडे शून्याहून अधिक असून वाढत असतील, तर शरीर खालावत आहे. केवळ शेवटचाच वाढत असेल, तर दोष बहुधा तारेचा अगर जोडणीचा.

ही वही कितपत विश्वसनीय आहे? गूगल कंपनीच्या संशोधकांनीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणींत पहिली चूक आढळल्यापासून साठ दिवसांच्या आंत डिस्क निकामी होण्याचा संभव, चूक नसलेल्या डिस्कच्या मानानें ३९ पट असतो, असें त्यांस दिसून आलें. परंतु निकामी झालेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांनीं मुख्य चार खुणांपैकीं एकही खूण आधीं दाखविली नव्हती, असेंही त्यांस आढळलें. म्हणजे वही वाईट सांगेल तर विश्वास ठेवावा. चांगलें सांगेल तर निर्धास्त राहूं नये.

आमच्या डिस्कच्या वहींत क्रमांक १९७ पुढें शून्य नव्हतें. नातवाच्या ओढाताणीनें अनुक्रमणिका बिघडली होती खरी. परंतु शरीरही वर्षभर कुरकुरत होतें, आणि सुनेनें पाहिलेला मंदपणा तोच होता. मुलाचा अपराध मुळांत अर्धाच ठरला.

येथें एक सांगितलें पाहिजे कीं, कित्येक लक्षणें दुखणें नसतातच. एक टेराबाइटची म्हणून विकत घेतलेली डिस्क संगणकावर ९३१ दाखविते. त्यांत दुकानदाराची लबाडी नाहीं. कारखानदार हजाराच्या पटींत मोजतो व विंडोज १०२४ च्या पटींत. कच्चा शेर व पक्का शेर यांतलाच हा भेद. तसेंच हल्लींच्या पुष्कळ लहान डिस्कांत खुणांच्या ओळी कौलांप्रमाणें एकमेकींवर चढवून लिहितात. त्यामुळें मोठा मजकूर एकदम भरूं लागल्यास आरंभीं वेग चांगला असून पुढें तो एकाएकीं मंदावतो. हा त्या जातीचा स्वभाव आहे. मात्र जुना मजकूर वाचतांना जी डिस्क अडखळते, तिच्याविषयीं सावध राहावें.

आधीं प्रत, मग उपचार

निदान झालें, आतां काय करावें? बहुतेक सर्व अपघात या पायरीवर घडतात. अनुक्रमणिका दुरुस्त करणारें 'चेकडिस्क' नांवाचें साधन विंडोजमध्येंच असतें व तें चालविण्याचा सल्ला जो तो देतो. परंतु तें साधन दुरुस्ती करतांना त्याच डिस्कवर लिहितें. आणि ज्या डिस्कचें शरीर खालावलें आहे, तिच्यावर लिहिणें म्हणजे फाटक्या पोथीवर शाईनें दुरुस्त्या करणें होय. म्हणून नियम असा कीं, दुखणाईत डिस्कवर एक अक्षरही लिहूं नये. आधीं तिची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर उतरावी, व सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावे.

पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत असलेल्या आमच्या भाचेजांवयांस आम्हीं दूरध्वनि केला. त्यांनीं साताऱ्याहून दुप्पट मापाची नवी डिस्क आणावयास सांगितली, व लिनक्स पद्धतीवर चालणारें 'डीडीरेस्क्यू' हें विनामूल्य साधन पुतण्याकडून चालवून घेतलें. या साधनाची रीत मोठी शहाणपणाची आहे. जेथें वाचन अडतें, तेथें तें हट्ट धरून बसत नाहीं. ती जागा टिपून ठेवून पुढें जातें, सुलभ तेवढें सर्व आधीं उतरून घेतें, व मग उरलेल्या कठीण जागांकडे वळतें. आजारी माणसाकडून महत्त्वाची गोष्ट विचारून घ्यावयाची असतां आपणही असेंच करितों.

वीज जाण्याचा भरंवसा नव्हता. म्हणून लॅपटॉप पूर्ण भरून, यूपीएस जोडून, डिस्क जाड पुस्तकावर आडवी ठेवून, मुलांस त्या खोलींत जाण्यास बंदी केली. रात्रीं आठ वाजतां आरंभ झाला. बंधु व आम्ही आळीपाळीनें जागत होतों. सकाळीं गौरीविसर्जनाच्या गडबडींत पुतण्यानें सांगितलें कीं, बहुतेक सर्व उतरलें आहे, कांहीं थोड्या जागा तेवढ्या अडल्या आहेत. त्या अडलेल्या जागांवर दुसरा सबंध दिवस गेला. त्यानंतर प्रतीवर 'टेस्टडिस्क' हें साधन चालविलें. एनटीएफएस पद्धतीच्या मांडणींत आरंभीच्या महत्त्वाच्या टिपणाची एक नक्कल शेवटीं ठेविलेली असते. तिच्यावरून तें टिपण पुन्हां लावितां आलें, आणि कपाट उघडावें तशीं सारीं दालनें उघडलीं.

मोडी पत्रें आलीं, वंशावळ आली. दहाबारा फोटो अर्धे करडे निघाले. ओव्यांपैकीं एक मध्येंच तुटते. मातोश्रींचा आवाज शब्दाच्या अर्ध्यावर थांबतो व क्षणभरानें पुढच्या ओळींत उगवतो. ती गाळलेली ओळ कोणती, हें आमच्या कऱ्हाडच्या भगिनीस तोंडपाठ होतें. तिनें ती तेथल्या तेथें म्हणून दाखविली. परंतु तो आवाज मातोश्रींचा नव्हे.

काय करूं नये

आमचें दैव बरें. आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच झालें असतां कोणा दुकानांतील कारागिरानें गिऱ्हाइकाच्या समोरच डिस्कचें झांकण उघडून फुंकर मारली; त्या फुंकरीबरोबर तीन पिढ्यांचे फोटो गेले. म्हणून कांहीं निषेध स्पष्टच सांगतों. डिस्क उघडूं नये. ती शीतकपाटांत ठेवूं नये. हा उपाय पुष्कळांच्या तोंडीं आहे, पण बाहेर काढतांच आंत दंव धरतें. ठोके मारूं नयेत. खराब डिस्कवर नवें कांहीं उतरवूं नये. बाहेरची डबी फोडून आंतील डिस्क सरळ संगणकास जोडण्याचा प्रयत्नही विचारपूर्वक करावा. कारण कित्येक डिस्कांत यूएसबीची खोबण मूळ पट्टीवरच असते, व कांहींत ती पट्टीच मजकूर गुप्त लिपींत लिहीत असते, त्यामुळें पट्टी टाकली तर मजकूरही वाचतां येत नाहीं.

आतां फिरत्या तबकड्या नसलेल्या, 'एसएसडी' नांवाच्या नव्या डिस्काही घरोघर येत आहेत. त्या पतनास भीत नाहींत. परंतु त्यांचें दुखणें मुके असतें. टकटक नाहीं, घरघर नाहीं, एके दिवशीं एकाएकीं त्या दिसेनाशा होतात. शिवाय वर्षानुवर्षें विजेवांचून कपाटांत ठेवण्यास त्या योग्य नव्हेत. तेव्हां त्या घेतल्यानें पुढील सूचना टळत नाहीं.

शेवटची सूचना

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांतील पत्रें आमच्याच जिल्ह्यांतील वाई येथें एका जुन्या घरांत त्यांस सांपडलीं होतीं. पानिपताच्या काळचे ते कागद. सव्वाशेंहून अधिक वर्षें कोणी त्यांची निगा राखिली नव्हती, तरी ते वाचतां आले. कागद मरतो तो हळूहळू, कोपऱ्याकोपऱ्यानें, व मरतांना दिसतो. डिस्क सात-आठ वर्षें निमूट सेवा करते व एका सायंकाळीं सर्वस्व घेऊन जाते. म्हणून जी निष्काळजी कागदास पचली, ती डिस्कला पचणार नाहीं.

पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकारानें एक सुटसुटीत नियम लोकप्रिय केला आहे : प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, व एक प्रत घराबाहेर. शेवटचा भाग आम्हां महाराष्ट्रीयांस निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां पुण्याच्या नदीकांठच्या घरांतील एका खोलींतले कागद व दुसऱ्या खोलींतले कागद एकाच पाण्यांत गेले.

आमच्या घरीं आतां तीन गोष्टी ठरल्या आहेत. एक प्रत रहिमतपूरास, एक पुण्याच्या बंधूंकडे, व एक इंटरनेटवरील भाड्याच्या कोठारांत. डिस्कची जबाबदारी सर्वांची न ठेवतां वहिनींकडे दिली आहे; त्यांच्या हातून मागितल्याशिवाय ती कोणी जोडीत नाहीं, व सुरक्षित काढण्याची आज्ञा संगणकास दिल्याशिवाय कोणी तार ओढीत नाहीं. आणि दरवर्षीं पितृपक्षांत एक दिवस सर्व प्रती उघडून, वाचून, ताज्या करावयाच्या. न वाचलेली प्रत ही प्रत नव्हे, असें आम्ही आतां समजतों.

सण आटोपून बंधु निघाले तेव्हां नवी डिस्क रुमालांत गुंडाळून वहिनींनीं त्यांच्या हातीं दिली. रहिमतपूरच्या स्टेशनावर गाडी येईपर्यंत आमचा नातू ती दोन्ही हातांनीं धरून उभा होता. कोणी मागितली तरी देईना. वाचकांनीं आपापल्या घरची डबी आजच कपाटांतून काढून, तींतील एखादा जुना आवाज लावून पाहावा, व तो लागला तर त्याच दिवशीं त्याची दुसरी प्रत करून दुसऱ्या घरीं पाठवावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.